दूधबाव, दहीबाव, साखरबाव

मी दहा वर्षांची असताना सिंधुदुर्ग पहिल्यांदा पाहिला. मे महिना होता आणि मी सुट्टीसाठी मालवणला आत्याकडे गेले होते. त्या दिवसातले तट-बुरूज आता नीट आठवत नाहीत. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे नि पायाचे ठसेसुद्धा अंधुक झालेत. लख्ख आठवते ती तहान.

गळ्यातली वॉटरबॅग होडीतच रिकामी झाली होती. वळणावळणानं जाणाऱ्या तटावरून निम्मी फेरी मारेपर्यंत ओठांवर मीठ साचलं, जीभ टाळूला चिकटायला लागली. नजर पोचेल तिथवर पाणी होतं आणि त्यातला एक थेंब घशाखाली घालायच्या लायकीचा नव्हता. दहा वर्षांच्या मुलीला हे फार अन्यायाचं वाटतं. मी रडकुंडीला आले. "पाणी आसा गो. चल, दाखवतंय," म्हणत आत्यानं माझा हात धरला आणि तटाखालच्या माडांतून एका घराकडे नेलं.

हो, किल्ल्यात घर. सिंधुदुर्गात आजही काही कुटुंबं राहतात. त्या घराच्या पडवीत एक आजी बसल्या होत्या. "खंयसून इलास?" वगैरे विचारपूस झाली. मी तांब्याकडे हात नेला तशी त्यांनी तो जरा मागं घेतला. "नुसता पाणी पिव नको, बाधतला. आधी गूळ खा." गुळाचा खडा तोंडात विरघळेपर्यंत मला थांबवलं आणि मग तांब्या दिला. पाणी थंड होतं, त्याला ओल्या मातीचा किंचित वास होता आणि खारटपणा औषधालाही नव्हता. मी अर्धा तांब्या एका दमात संपवला. "खयचा पाणी ह्या?" आत्यानं विचारलं. आजी म्हणाल्या, "दूधबावेचा."

बाव म्हणजे विहीर. सिंधुदुर्गात गोड्या पाण्याच्या तीन बावी आहेत: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. ही नावं मी त्यानंतर किती वेळा मनातल्या मनात म्हटली असतील. एरवी विहिरीचं नाव जागेवरून पडतं, खणणाऱ्यावरून पडतं, काठावरच्या झाडावरून पडतं. इथे पाण्याला घरातल्या दुभत्याची आणि साखरेची नावं दिली आहेत. चहूबाजूंनी खारट समुद्र असलेल्या ४८ एकरांच्या बेटावर ज्यांनी ते पाणी पहिल्यांदा ओंजळीत घेऊन चाखलं असेल, त्यांना घरातली सगळ्यात मोलाची वस्तू आठवली असणार. तटबंदीची लांबी-रुंदी सांगणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र किल्ल्याचा खरा इतिहास या तीन नावांत सापडतो.

२५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू झालं आणि १६६७ मध्ये ते पूर्ण झालं. जवळजवळ अडीच वर्षं तिथे पाथरवट, गवंडी, लोहार, चुना मळणारे, होड्या हाकणारे लोक राबत होते. मे महिन्यातल्या दुपारी तटावर उभं राहून त्यांचा विचार केला की आधी तोफा डोळ्यांपुढे येत नाहीत, घागरी येतात. दगड घडवायला, चुना कालवायला, भात शिजवायला पाणी. प्यायला तर पाणी लागायचंच. बेटावर पाणी नसतं तर एवढ्या मोठ्या कामाची एक खेपही धड झाली नसती.

समुद्राच्या मधोमध गोडं पाणी कसं राहतं, हे मला मोठेपणी भूजलावर काम करणाऱ्या एका मैत्रिणीनं समजावून सांगितलं. त्यात चमत्कार नाही, पण ऐकताना मला ते चमत्काराहून सुंदर वाटलं. कोकणात पाऊस धो-धो पडतो. बेटावर पडलेलं पाणी खडकाच्या भेगांतून, वाळूतून मुरतं. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते खाली असलेल्या खाऱ्या पाण्यात लगेच मिसळून जात नाही, त्याच्या डोक्यावर तरंगत राहतं. बेटाच्या मध्यावर हा थर जाड असतो आणि कडेला पातळ होत जातो, भिंगासारखा. समुद्राच्या पातळीच्या वर गोडं पाणी एक फूट उभं असेल तर त्या पातळीच्या खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं, असा हिशेब आहे. पण हे देणं बेताबेतानं घ्यावं लागतं. हावरटासारखा उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं आणि मग ती विहीर पुढे कित्येक दिवस कामाची राहत नाही. म्हणजे बेटावरची प्रत्येक कळशी हिशेबानं ओढायची. ज्या घरातल्या बाईनं माझ्या हातात तांब्या दिला होता, तिला हे सूत्र माहीत असण्याचं कारण नव्हतं. हिशेब मात्र नक्की माहीत होता. आम्ही निघताना तांब्यात उरलेलं पाणी तिनं तुळशीत ओतलं होतं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या राज्यकारभारावरच्या ग्रंथात गडांविषयीचं जे प्रकरण आहे, त्यात पाण्याचा विचार फार बारकाईनं केलेला आहे. आधी पाणी बघा आणि मग किल्ला बांधा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी, तळी करा. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात, तेव्हा वेगळं राखीव पाणी असू द्या. आणि शेवटी एक वाक्य: "गडाचे पाणी बहुत जतन राखावे." ही आज्ञा तीनशे वर्षांपूर्वीची. मला ती दर फेरीला आठवते, कारण दर फेरीला कुठल्या तरी किल्ल्यातल्या टाक्यात किंवा तळ्यात तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या दिसतात. एका जलदुर्गावर तर मी तळ्याच्या काठाशी उभी असताना शेजारच्या माणसानं बाटलीतला शेवटचा घोट घेतला आणि बाटली तशीच पाण्यात सोडून दिली. मी त्याला बोलले, तो निघून गेला. काठीनं ती बाटली काठाला ओढायला मला दहा मिनिटं लागली. तिच्यामागून आणखी दोन आल्या. शेवाळानं हिरवं झालेलं ते पाणी आता कुणी पीत नाही, हे खरं. पण कधीकाळी त्याच पाण्यावर एक अख्खी वस्ती जगली. तिथे बाटली टाकणं मला देवळाच्या गाभाऱ्यात थुंकण्यासारखं वाटतं. यात मी जराही वाढवून सांगत नाहीये.

जंजिऱ्याला असंच वाटतं. राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघते, दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि आत गेल्यावर सगळे धावतात ते कलालबांगडीकडे. तोफ आहेच तशी. पण तोफेकडून परतताना त्या दोन मोठ्या गोड्या पाण्याच्या तळ्यांपाशी क्षणभर थांबावं. भोवती पडझड झालेली घरं, वाडे, मशीद. एवढ्या माणसांना या खडकावर पिढ्यान्‌पिढ्या कुणी धरून ठेवलं, याचं उत्तर तिथे पायऱ्यांवर उभं राहून मिळतं. होडीवाला घाई करतो, त्याला पुढची खेप असते. आत खायला-प्यायला मिळेल या भरवशावर जाऊ नये. पाणी राजापुरीतूनच भरून न्यावं.

पाण्याचा हिशेब चुकला की काय होतं, ते मी कुलाब्यात भोगलंय. अलिबागचा कुलाबा ओहोटीला चालत जाता येईल असा किल्ला आहे. आत्यानं लहानपणी मला भरतीचं गणित शिकवलं होतं: तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाचाचे पावणेचार. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सात-आठ वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या अशाच एका पंचमीला आम्ही दोन कुटुंबं दहाच्या सुमारास ओल्या वाळूतून चालत किल्ल्यात गेलो. गणित बरोबर होतं. आत गेल्यावर मात्र वेळेचं भान राहिलं नाही. राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ, पुढची पुष्करणी, तटावरचा वारा, आणि मुलं शंख-शिंपले शोधण्यात गुंग. साडेबाराला बाहेर आलो तर आल्या वाटेवर कमरेएवढं पाणी खळाळत होतं. पाच वर्षांची माझी लेक कडेवर घेऊन त्यात उतरायचा मूर्खपणा आम्ही केला नाही. परत आत आलो. सोबत दोन बाटल्या आणल्या होत्या. त्यातली एक संपली होती आणि दुसरी निम्मी होती. होडी भरती पूर्ण झाल्यावर, म्हणजे पावणेचारला.

समुद्रकाठचा वारा माणसाला फसवतो. घाम येतो तसा वाळून जातो, त्यामुळे अंगातलं पाणी चाललंय हे कळतच नाही. कळतं ते कपाळ ठणकायला लागतं तेव्हा. दोनच्या सुमारास मैत्रिणीचा मुलगा गप्प झाला, मग सावलीत आडवा झाला. देवळातला प्रसादाचा नारळ मुलांना वाटून झाला होता. तेवढ्यात तटाच्या सावलीत ओल्या गोणपाटाखाली ताडगोळे घेऊन बसलेल्या एका मावशींनी हाक मारली. आमचं काय चाललंय ते त्या मघापासून बघत असाव्यात.

ताडगोळा कसा खायचा हे त्या मुलांना त्यांनी शिकवलं. वरचं पिवळट साल नखानं अलगद सोलायचं, घाई केली तर गर फाटतो. आतला गर ढगातून आलेल्या उजेडासारखा, धड पांढरा नाही, धड पारदर्शक नाही. तो अख्खाच्या अख्खा तोंडात टाकायचा, कारण मधे पोकळीत चमचाभर गोड पाणी असतं. अर्धा चावला की ते हनुवटीवरून ओघळून जातं. आडवा झालेला मुलगा पाचव्या ताडगोळ्याला उठून बसला. लेकीनं सहा खाल्ले. सालं मावशींनी मुलांकडूनच गोळा करून घेतली नि एका पिशवीत भरली. मग स्वतःसाठी घरून आणलेल्या कळशीतलं पाणी त्यांनी आम्हा सगळ्यांना पेल्यापेल्यानं दिलं. मी ताडगोळ्यांचे पैसे दिले आणि वर पाण्याचे म्हणून नोट पुढे केली. त्यांनी ती माझ्याच हातात दाबली. "पान्याचं पैसं कुनी घेतं का?"

त्या दिवसापासून मी जलदुर्गाला माणशी दोन लीटर पाण्याखाली जात नाही. मीठ-साखरेची पुडी आणि आमसुलं पर्समध्ये असतात. नुसतं आमसूल चोखत राहिलं तरी तोंडाला पाणी सुटतं नि मळमळ थांबते, हे होडीतही कामी येतं. आणि किल्ल्यात शिरण्याआधी परतीची वेळ हातावर पेनानं लिहिते.

पाण्यानंतर अन्न. इथे मला पद्मदुर्ग आठवल्याशिवाय राहत नाही. जंजिऱ्याच्या समोर, तिथल्या सत्ताधीश सिद्दीच्या तोंडासमोर कासा बेटावर महाराजांनी हा किल्ला उभा केला. मुरुडच्या किनाऱ्यावरून तो दिसतो. जवळ गेल्यावर तटाचे दगड बघावेत. लाटांनी, खाऱ्या वाऱ्यानं दगड झिजून आत गेलेत, पण दोन दगडांच्या मधला चुना जागच्या जागी आहे. घराची खिडकी असावी तशी चौकट चुन्याची आणि दगडाच्या जागी खळगा. मी बोट घालून पाहिलं होतं, दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

या किल्ल्याविषयी १६७५ च्या जानेवारीतलं महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. पद्मदुर्गाला पैसा आणि धान्य पोचवण्याचं काम प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांच्याकडे होतं. ते त्यांनी वेळेवर केलं नाही. महाराजांनी त्यांना जे खरमरीत पत्र लिहिलं, ते पराक्रमाच्या गोष्टींच्या पुस्तकांत 'राजापुरीच्या उरावर दुसरी राजापुरी' या शब्दांसाठी सांगतात. राजापुरी म्हणजे इथे सिद्दीचा जंजिरा. मी ते वाचते तेव्हा मला त्यात एक पोटाचा प्रश्न दिसतो. समोर शत्रू तोफा रोखून बसलेला, भोवती समुद्र, आणि हातात थापी घेतलेल्या गवंड्याला संध्याकाळी तांदूळ मिळेल की नाही याची खात्री नाही. अशा माणसांना उपाशी ठेवणं म्हणजे शत्रूची चाकरी करणं, असंच महाराज त्या सुभेदाराला सुनावतात. अन्न पोचलं नाही म्हणून राजाला एवढा संताप यावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि जानेवारी महिन्याला अर्थ आहे असंही वाटतं. समुद्र शांत असण्याचे थोडेच महिने हातात उरलेले. एकदा दर्या खवळला की होडी नाही, म्हणजे दाणाही नाही.

कोकणात या तयारीला आगोट म्हणतात. पाऊस लागायच्या आत तांदूळ, कुळीथ, मीठ, आमसुलं, लाकूडफाटा, सुकी मासळी, पापड-सांडगे असं सगळं घरात भरून घ्यायचं. आत्याच्या घरी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माळ्यावर पाय ठेवायला जागा नसायची. सुके बांगडे नि जवळा डब्यांत बंद व्हायचे, कुळीथ भाजून दळून आणायचे. आजही जून-जुलैत मासेमारी बंद असते, किल्ल्यांच्या होड्याही पावसाळ्यात बंद. जलदुर्गावरच्या शिबंदीची आगोट कशी असेल याचा विचार मी त्या माळ्याकडे बघून करते. कोठाराचं मोजमाप करणाऱ्याची जबाबदारी तोफा डागणाऱ्याहून हलकी नसणार.

कुळथावरून विजयदुर्ग. तिथे मी, नवरा आणि लेक दुपारी दोन वाजता किल्ला बघून बाहेर पडलो होतो. किनाऱ्यावरच्या घरगुती खानावळींचा एक रिवाज आहे, जो शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही: जेवण आधी सांगून ठेवायचं. किती पानं, मासे की शाकाहारी, किती वाजता. त्यावर बाजारातून मासळी येते, तेवढाच नारळ खवला जातो. आयत्या वेळी गेलं तर मिळेलच असं नाही, आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही. आम्ही सांगितलं नव्हतं. दोन ठिकाणी भांडी घासायला पडली होती. तिसऱ्या घरातल्या वहिनी उंबऱ्यात आल्या, लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जेवण संपला. पिठी-भात चलात काय?"

मी त्यांच्यामागून स्वयंपाकघरात गेले. भाताचा टोप चढवून त्यांनी लसूण ठेचली, तेलात लालसर केली, हिरवी मिरची, हळद, दोन आमसुलं टाकून पाणी ओतलं. वाटीत कुळथाचं पीठ पाण्यात कालवून ठेवलं होतं. आधण आल्यावर ते बारीक धारेनं सोडत गेल्या, दुसऱ्या हातानं सतत ढवळत. "हात थांबलो की गुठळी," एवढंच म्हणाल्या. पाचेक मिनिटांत टोपातलं पाणी दाट, तांबूस, चकाकणारं झालं आणि घरभर भाजक्या कुळथाचा वास पसरला. वर खवलेलं खोबरं. ताटात गरम भात, त्यात खळगा करून पिठी, बाजूला फणसाचा भाजलेला पापड नि कैरीचं लोणचं. मालवणी जेवण म्हटलं की लोक सुरमई, कोंबडी-वडे यांचीच नावं घेतात, मलाही ते सगळं आवडतं. पण उन्हातून आलेल्या माणसासाठी पिठी-भातासारखं दुसरं काही नाही, हे मी शपथेवर सांगेन. आगोटीच्या डब्यातून निघालेलं ते जेवण. दर्या बंद असताना, बाजार लांब असताना, पाहुणा अवचित आल्यावर करायचं. जेवताना मला वाटलं, किल्ल्यात कुणी अवेळी आलं असेल तर त्याच्यापुढेही असंच काहीसं आलं असेल. पुरावा काही नाही माझ्याकडे. पण भूक तीच, धान्य तेच आणि किनाराही तोच.

निघताना वहिनींनी पाव किलो पीठ बांधून दिलं. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या किल्ल्याला जायचं ठरलं की मी आदल्या दिवशी फोन करून पानं सांगते. सकाळी निघताना कुठल्याही घरात पेज मिळाली तर चहा-बिस्किटांवर भागवत नाही. उकड्या तांदळाची पेज, मीठ, सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा. भात, पाणी आणि मीठ एकाच वाटीत. तीन-चार तास उन्हात चालायचं असेल तर याहून शहाणी न्याहारी मला माहीत नाही. मालवणात आत्याच्या हातची ती मिळायची. आता आत्या नाही.

गेल्या वर्षी डिसेंबरात लेकीला घेऊन सिंधुदुर्गाला गेले. ती आता बारा वर्षांची आहे. होडीत बसताना आमच्याकडे चार लीटर पाणी होतं. श्रीशिवराजेश्वराच्या देवळात गेलो. १६९५ मध्ये राजाराम महाराजांनी बांधलेलं हे देऊळ, आत महाराजांची मूर्ती. मग तटावरून फिरलो. लेक मन लावून सगळं बघत होती, फोटो काढत होती. पाणी पुरेसं होतं, तहान कुणालाच नव्हती, आणि मला मात्र काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. शेवटी तिला घेऊन माडांतल्या त्या घराकडे गेले.

पडवी तशीच होती, फक्त खाली लाद्या बसल्या होत्या. आजींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या सुनेनं दारात टेबल मांडलं होतं, त्यावर कोकम सरबताच्या बाटल्या, आवळा, खाजं. मी दोन सरबतं घेतली, खाज्याचा एक पुडा घेतला, आणि मग विचारलं, "काकू, बावेचं पाणी मिळेल का?"

त्यांनी माझ्या खांद्यावरच्या बाटलीकडे पाहिलं. मी म्हटलं, लहानपणी इथे तुमच्या सासूबाईंनी दिलं होतं, दूधबावेचं. त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा एका हातात तांब्या होता आणि दुसऱ्या हातात बशी, बशीत गुळाचे दोन खडे. "आज साखरबावेचा आसा," म्हणाल्या. लेकीनं तांब्याकडे हात नेला, तशी त्यांनी आधी बशी पुढे केली.

लेकीनं गूळ खाल्ला, पाणी हुंगलं, एक घोट घेतला आणि विचारात पडली.

"साखरबाव ना? पण साखरेसारखं नाही लागत."

"मग कसं लागतंय?"

तिनं उत्तर दिलं नाही. वर तोंड करून, वरून धार धरत पीत राहिली, मानेवरून ओघळ आले तरी थांबली नाही. मग तांब्या हलवून पाहिला आणि काकूंपुढे केला. अजून हवं होतं.